जावई आणि आईचा मफलर

आधीच सांगते, मला फुटबॉलचं काडीचं प्रेम नाही. मी गाडी शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून "क्लच! अहो, क्लच! पाय काय उसना आणलाय का?" असं ओरडून घसा बसलेला असतो. त्यात सुट्टीच्या दिवशी मैदानावर जाऊन आणखी ओरडायची हौस कुणाला? पण आमच्या घराण्यातच ही पीडा आहे. आईबाबांची ओळख झाली ती मैदानाच्या पूर्वेकडच्या स्टँडमध्ये. माझा धाकटा भाऊ पहिलं पाऊल टाकायला शिकला तेही तिथल्याच पायऱ्यांवर. त्यामुळे मी नको नको म्हणत जन्मभर जात राहिले.

त्या स्टँडचा एक रिवाज आहे. प्रत्येक घराच्या खुर्च्या ठरलेल्या. घरातलं माणूस गेलं की त्याची खुर्ची त्या सीझनपुरती रिकामी ठेवायची आणि तिच्या पाठीला त्याचाच मफलर बांधायचा. तिच्यावर कुणी बसत नाही, पिशवीसुद्धा ठेवत नाही. सीझनच्या शेवटच्या सामन्याची शेवटची शिट्टी वाजली की घरच्यांनी गाठ सोडायची आणि मफलर घरी न्यायचा. तोवर ते माणूस गेलं असं आम्ही धरत नाही. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही, पण तो कुणी मोडल्याचंही ऐकलेलं नाही.

या सीझनच्या सुरुवातीलाच आई गेली. बाबांनी तिचा मफलर स्वतः बांधला. बाबा म्हणजे अबोल माणूस, सगळा जन्म शिलाई मशीनवर वाकून गेलेला. त्यांनी गाठही अशी मारली की कात्रीशिवाय सुटू नये. घरी येऊन म्हणाले, "सीझन संपेपर्यंत तिच्या कशालाही हात लावायचा नाही." मग तिचा पलंग तसाच, चादरीच्या सुरकुत्या तशाच, उशीवर चष्मा तसाच. आणि स्वतः कुठं झोपायचे? बाहेरच्या खोलीत, खुर्चीत! पाठीचा पार चुराडा झाला. मी म्हटलं, माझ्याकडे चला, माझी एक खोली नुसती रिकामी पडलीय. ते म्हणायचे, "सीझन संपू दे." जेवणाचं म्हटलं तरी तेच, डॉक्टरचं म्हटलं तरी तेच. मीही म्हटलं, ठीक आहे, सीझन काय, आज ना उद्या संपेलच.

इथंच माशी शिंकली. ती का शिंकली हे कळायला आधी जावयाचं सांगायला हवं.

काही वर्षांपूर्वी आमच्या क्लबच्या अध्यक्षाच्या डोक्यात वरच्या लीगचं वारं शिरलं. आमचा क्लब कसा? तर अर्ध्या गावाला पोटापुरता आनंद देणारा, कधी जिंकणारा, बऱ्याचदा हरणारा. त्याला काय झालं होतं? पण नाही! अध्यक्षानं कुठून तरी लांबून एक नावाजलेला गोल करणारा आणला. त्याला पगार असा की तिकिटांतून शंभर आले तर क्लबचे दीडशे पगारातच जायचे. वर राहायला बंगला, फिरायला गाडी आणि त्याच्या कुत्र्याला फिरवायला वेगळा माणूस. आमचा क्लब म्हणजे चार आण्याची कोंबडी, आणि हा तिच्यावरचा बारा आण्याचा मसाला!

त्याला जावई हे नाव आईनंच ठेवलं. पास मनासारखा मिळाला नाही की तो कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. आई म्हणाली, "बघा बघा, जावई रुसले!" झालं, साऱ्या स्टँडनं नाव उचललं. पुढं जावयाला एकटं वाटू नये म्हणून अध्यक्षानं त्याच्याहून महाग दुसरा आणला. तो साडू. तिसरा आला तोवर आमच्याकडची नाती संपली होती.

पैसे कमी पडायला लागले तसा अध्यक्ष एकदा सामन्याआधी माइक घेऊन मैदानात उतरला. "जावई ठेवायचा की घालवायचा?" म्हणाला. मेल्याला नाव माहीत होतं, ते वापरायची लाज नव्हती. "ठेवायचा असेल तर पुढच्या पाच सीझनचे पास आत्ताच काढा! कोण कोण आहे माझ्याबरोबर? हात वर करा!" आणि आमची शहाणी माणसं! जंगलासारखे हात उभे राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. आईनं तर दोन्ही हात वर केले. माझा भाऊ तेव्हा प्रेक्षक संघटनेचा सेक्रेटरी, तो ओळीओळीतून पळत नावं गोळा करत होता. मी तेवढी हाताची घडी घालून बसले होते. आई मला कोपरानं ढोसून म्हणाली, "अगं, गोल तर करतो ना! कंजूष कुठली!"

भावानं आमच्या चारही खुर्च्यांचे पाच-पाच वर्षांचे पास काढले. आईला तेव्हा चार पायऱ्या चढल्या की थांबून दम खावा लागत होता. मी त्याला विचारलं, "अरे, तिचं औषधपाणी बघायचं सोडून पाच वर्षांचे पास? अक्कल गहाण ठेवलीस का?" तो म्हणाला, "ताई, पास आहे म्हटल्यावर ती यायला हवी ना. राहील ती पाच वर्षं." असल्या माणसाला काय बोलायचं? मी बोलले मात्र. पुष्कळ बोलले.

त्यानंतर आमच्या स्टँडचे हाल कुत्र्यानं खाल्ले नाहीत. गेटवरच्या म्हाताऱ्याला घरी बसवलं. सफाईचा खर्च नको म्हणून बायकांच्या संडासाला कुलूप घातलं. नऊ-दहा वर्षांच्या पोरांचा संघ बंद केला. छप्पर गळायला लागलं तेव्हा दुरुस्ती काय केली, तर आम्हाला प्लॅस्टिकचे रेनकोट विकत दिले, क्लबच्या रंगातले. विकत! आणि आम्ही ते घेतले. तरी पगार थकलाच. मग एका सकाळी जावई कुत्र्यासकट निघून गेला, त्याच्यामागून साडू. त्यांना मी दोष देत नाही. कुणी ताट वाढून समोर ठेवलं तर खाणारा खाणारच. पण दुसऱ्याच्या घरातले डबे खरवडून ताट वाढणारा तो अध्यक्ष? तोही गेला, तब्येतीचं कारण सांगून. शेवटचे चार सामने उरले असताना लीगनं आमचं नाव काढून टाकलं. मैदान वसुलीवाल्यांनी ताब्यात घेतलं.

म्हणजे सीझन संपलाच नाही. बंद पडला.

मी बाबांना सांगायला गेले. ते खुर्चीत बसले होते, मांडीवर घोंगडी. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेवटची शिट्टी?"

"बाबा, सामनेच नाहीत तर शिट्टी कुठली?"

"मग सीझन संपला नाही," ते म्हणाले आणि घोंगडी छातीपर्यंत ओढून घेतली.

मला कळेना हसावं की डोकं आपटावं. क्लब बुडाला, म्हणजे हा माणूस आता मरेपर्यंत खुर्चीतच झोपणार! पलंग तसाच, चष्मा तसाच आणि हा असा. दर आठवड्याला त्यांचा पट्टा एक एक भोक आत जात होता.

मी सरळ मैदानावर गेले. गेटवर वसुलीवाल्यांचा एक साहेब उभा होता, हातात फाइल, अंगात नवा कोट. मी म्हटलं, "पूर्वेच्या स्टँडमध्ये आमचा एक मफलर आहे, तेवढा सोडवून आणते."

"बाई, आतली प्रत्येक वस्तू जप्तीत आहे."

"मफलर? अहो, माझ्या मेलेल्या आईचा मफलर विकून कुणाचा पगार भागवणार आहात? त्या कुत्रेवाल्याचा?"

त्याचा चेहरा जरा पडला. "खुर्चीचा नंबर सांगा, मी माणूस पाठवून आणून देतो," म्हणाला. खरं तर भला होता बिचारा, पण त्या दिवशी मला भलं माणूस नको होतं, भांडायला कुणी तरी हवं होतं. आणि नंबर सांगून उपयोग काय? शिट्टीशिवाय सुटलेला मफलर बाबांनी घरात घेतला नसता. मी तशीच परत फिरले.

वळणावर बघते तर माझा भाऊ! त्याचं कुलपांचं दुकान आहे. बाजूच्या गेटपाशी गुडघ्यावर बसून साहेबाच्या माणसासमोर नवंकोरं कुलूप बसवत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"तू? आईची खुर्ची आत आहे आणि तू बाहेरून कुलूप लावतोयस? स्वतःच्या हातानं? आधी हात वर करून क्लब बुडवलास, आता त्याच हातानं दार लावतोस?"

"ताई, हळू बोल."

"हळू? पाच वर्षांचे पास काढताना हळू बोलला होतास?"

त्यानं हत्यारं पिशवीत भरली, साहेबाच्या माणसाची सही घेतली आणि माझ्या गाडीत येऊन बसला. मी दार आपटलं. गाडी सुरू झाल्यावर त्यानं खिशातून एक किल्ली काढून डॅशबोर्डवर ठेवली.

"कुलपाबरोबर तीन येतात," तो म्हणाला. "त्यांना दोनच दिल्या. दुसऱ्या कुणी कुलूप बसवलं असतं तर ही मिळाली असती का?"

मी माफी वगैरे मागितली नाही. म्हटलं, "किल्लीनं गेट उघडेल. शिट्टी कोण वाजवणार? तू?"

बाबांना त्यानं तेच विचारलं, मी वाजवू का म्हणून. बाबा म्हणाले, "तू कोण? रेफरी आहेस?"

गावात रेफरी एकच, तोही रिटायर झालेला, आणि त्याचं नाव आमच्या घरात काढायची सोय नव्हती. चष्मेवाला! बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं चष्म्याचं दुकान आहे. रेफरी आणि धंदा चष्म्याचा, म्हणजे आमच्या स्टँडला आयतं कोलीत. फार वर्षांपूर्वी त्यानं आमच्याविरुद्ध एक पेनल्टी दिली. तेव्हापासून पूर्वेच्या स्टँडमधलं एकही माणूस त्याच्या दुकानाची पायरी चढलं नाही. आई तर चष्म्याचा नंबर काढायला बस पकडून शेजारच्या गावी जायची. सामन्यात त्यानं शेवटची शिट्टी वाजवली की ती उभी राहायची आणि जीव तोडून ओरडायची, "घाई कसली रे तुला? घरी कुणी वाट बघत नाही तुझी!" नंतर नंतर सारा स्टँड तिच्याबरोबर म्हणायला लागला. बाबा तेवढे मान खाली घालून बुटांकडे बघत बसायचे. लाज वाटायची त्यांना.

मी दुकानात गेले. तो काचेमागे बसून फडक्यानं एक भिंग पुसत होता. मला बघून त्यानं फडकं खाली ठेवलं.

"वाट चुकलात?" म्हणाला.

मी काय हवं ते सांगितलं. मफलर, बाबा, खुर्ची, सगळं. मध्ये एकदाही तोडलं नाही त्यानं. मग म्हणाला, "तुमच्या आईचं ते वाक्य मी प्रत्येक सामन्यानंतर घरी घेऊन जायचो. दाराचं कुलूप काढताना हमखास आठवायचं. कारण ते खरं होतं."

एखादी सोज्वळ बाई असती तर डोळे पुसून क्षमा मागती झाली असती. माझ्या तोंडून निघालं, "ती पेनल्टी नव्हतीच."

"होती," तो म्हणाला. "आणि मी रिटायर झालोय. या आता."

मी त्याचं काचेचं दारही जोरात आपटून बाहेर पडले.

शेवटचा सामना ज्या दिवशी व्हायचा होता त्या दुपारी आम्ही तरीही गेलो. बाबा ऐकेनातच. "चष्मेवाला येईल नाही तर नाही, जाऊन बसायला काय जातंय?" भावानं बाजूचं गेट उघडलं. त्यानं बाकीच्या मफलरवाल्या घरांनाही सांगून ठेवलं होतं, आणि त्या घरांनी आणखी कुणाकुणाला. बघता बघता शंभरेक माणसं जमली. आपापल्या खुर्च्यांवर बसली, भुतासारखी. मैदानावर घोट्याएवढं गवत माजलं होतं. एका गोलची जाळी चोरीला गेली होती. आईच्या खुर्चीवर मफलर होता, पावसानं रंग उतरलेला, कबुतरांनी खराब केलेला. बाबांनी तो रुमालानं पुसला आणि शेजारी बसले.

सामन्याची वेळ झाली आणि खेळाडूंच्या वाटेतून तो बाहेर आला. काळा शर्ट, काळी अर्धी चड्डी, पोट कसंबसं आत ओढलेलं, पायात बूट. गवत तुडवत मधोमध जाऊन उभा राहिला आणि मनगटातलं घड्याळ बघितलं.

माझा भाऊ कठड्याला टेकून ओरडला, "अहो, शेवटचीच वाजवा नुसती!"

"अर्धवट सामन्याची शिट्टी मी देत नाही," तो तिथूनच म्हणाला. "पूर्ण वेळ होईल." आणि त्यानं सुरुवातीची शिट्टी फुंकली.

मग तो एकटा म्हातारा त्या गवतात उभा आणि आम्ही शंभर जण त्याच्याकडे बघतोय. न खेळाडू, न बॉल. सुरुवातीला कुणी हूं का चूं करेना. मला वाटलं, काय हा वेडेपणा, उठावं आणि घरी जावं. तेवढ्यात मागच्या ओळीतून कुणाला तरी राहवलं नाही. "अरे आंधळ्या, ऑफसाइड!"

एक हसलं, दुसरं हसलं, आणि मग बांध फुटला. सगळ्यांच्या पोटातलं बाहेर आलं. अध्यक्षाचा उद्धार झाला, त्याच्या माइकचा झाला, जावयाचा, साडूचा, कुत्र्याचासुद्धा. गळक्या छपराला शिव्या, रेनकोटला शिव्या. मग आम्ही एकमेकांवर घसरलो. "तूच आधी हात वर केलास!" "तू नाही केलास? दोन पास जास्तीचे काढलेस, लोकांना दाखवायला!" एक बाई माझ्या भावाच्या अंगावर धावून गेली, "माझ्या पोराचा संघ तुझ्या जावयानं खाल्ला!" तो खाली मान घालून उभा राहिला. मी मध्ये पडले नाही. घेऊ दे म्हटलं, त्याच्या वाट्याचं होतं ते. मीही घसा ताणून ओरडत होते. आणि खरं सांगते, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचा दगड जरा हलला.

मधली सुट्टी त्यानं रीतसर दिली आणि रीतसर संपवली. दुसऱ्या अर्ध्यात आमचे घसे बसत गेले. उन्हं उतरली. एकेक जण गप्प होत आपापल्या मफलरपाशी येऊन बसला. आता भांडायलाही काही उरलं नव्हतं. वेळ संपत आली हे न सांगता सगळ्यांना कळत होतं.

त्यानं घड्याळ बघितलं. हात वर केला, शिट्टी ओठांपाशी नेली.

आणि बाबा उठून उभे राहिले. जन्मात ज्यांनी त्या स्टँडमध्ये आवाज चढवला नव्हता ते माझे बाबा, एका हातानं आईच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून, फाटक्या आवाजात ओरडले, "घाई कसली रे तुला?"

पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. पण ते म्हणायला एकाचंही तोंड उघडेना. घरी कुणी वाट बघत नाही, हे आता कुणाला म्हणायचं? चष्मेवाल्याला की बाबांना? बाबा तसेच खुर्ची धरून उभे.

चष्मेवाल्यानं शिट्टी खाली घेतली. बराच वेळ आमच्या बाजूला बघितलं. मग हात उंच करून दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं जादा!

साऱ्या हयातीत त्या माणसानं आमच्या बाजूनं दिलेला तो पहिला निर्णय. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शिवी दिली नाही. बाबा खाली बसले, आईच्या खुर्चीकडे थोडे कलले आणि दोन मिनिटं तिच्या बाजूलाच बघत राहिले. मी मैदानाकडे बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. भाऊ मागं उभा राहून लहान पोरासारखा रडत होता. मी त्याला गप्प बस म्हटलं नाही.

शिट्टी वाजली. लांब, एकदाच.

बाबांनी गाठीला हात घातला. गाठ पावसानं आणखी घट्ट झालेली. भाऊ पिशवीतून हत्यार काढायला लागला, तर बाबांनी मानेनंच नको म्हटलं. नखांनी उकलत उकलत त्यांनी ती सोडवली, मफलरची घडी घातली आणि कोटाच्या आत ठेवली.

बाहेर पडताना गेटपाशी चष्मेवाला बूट झटकत उभा होता. बाबा त्याच्यासमोर थांबले.

"ती पेनल्टी नव्हती," बाबा म्हणाले.

"होती," तो म्हणाला.

"नव्हती."

आणि दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.

गाडीत बाबा माझ्या शेजारी बसले. मी चावी फिरवली, पण गाडी पुढं काढवेना. डावीकडे त्यांचं घर, उजवीकडे माझं. दिवसभर लोकांना कुठं वळायचं ते ओरडून सांगणारी मी, मला विचारायचा धीर होईना.

बाबांनी कोटावरूनच मफलर चाचपला. "तिचा चष्मा तेवढा घेऊ," म्हणाले. "मग तुझ्याकडे ने मला. पाठ फार दुखते गं."